रेंजवर नसता आळ

जामसरमध्ये काहीही अडलं की पहिला आळ रेंजवर येतो. रेशनच्या मशीनला अंगठा लागत नाही, रेंज नाही. पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म पुढे सरकत नाही, रेंज नाही. जावई फोन उचलत नाही, त्यालाही रेंज नाही. हे शेवटचं कारण सासरेबुवांनी मोठ्या मनानं मान्य केलेलं असतं. जव्हारपासून मोखाड्यापर्यंतच्या डोंगरपट्टीत रेंजचं पूर्वचरित्रच इतकं वाईट आहे की तिचं वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येत नाही.

ती सापडते कुठे, हे मात्र पोरासोरांनाही पाठ असतं. एका कंपनीची पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, दुसरीची उंबराखाली, तिसरीची वरच्या टेकाडावर, तीही तोंड जव्हारकडे करून उभं राहिलं तर. ‘उंबराखाली ये’ याचा अर्थ ‘मला फोन कर’ असा होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भागात लाईट गेली की टॉवरची बॅटरी काही वेळ तग धरते. मग टॉवरही आपल्यासारखाच पाऊस बघत उभा राहतो.

तेव्हा आमची मेल अडली, त्या दिवशी पंचनाम्याआधीच निकाल तयार होता.

आमची संस्था लहान. दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, चार वजनकाटे आणि प्लास्टिकच्या झाकणाखाली झोपलेला एक संगणक. अंगणवाडीच्या ताईंच्या जोडीनं पाड्यापाड्यावर मुलांची उंची-वजनं घ्यायची, दंडाला लाल-पिवळी-हिरवी पट्टी गुंडाळून घेर बघायचा आणि याद्या करायच्या, हे आमचं काम. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर भरला तर मूल ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित. त्याच्या वरचं, पण साडेबाराच्या आतलं ‘मॅम’. हे शब्द इथे इतके रुळलेत की दोन भावांची नावं असावीत अशा थाटात आया ते बोलतात. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली हा भाग वर्तमानपत्रांतून राज्यभर गाजला. तेव्हापासून इथल्या मुलांचं वजन कोणी ना कोणी विचारतच असतं. आम्हाला ते मुंबईच्या मॅडम विचारतात, कारण पैसे त्यांच्याकडून येतात.

एके दिवशी मॅडमनी कळवलं, यापुढे याद्या आणि फोटो फक्त एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद मेलनं पाठवायचे. कायदा झालाय. खरंच झालाय: वैयक्तिक माहिती जपण्याचा २०२३ चा कायदा, त्यात मुलांच्या माहितीसाठी वेगळी कलमं, आणि हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा मोठ्यानं वाचून दाखवल्यावर आमच्या शिपाईकाकांनी शांतपणे विचारलं, “म्हंजे कोणी द्यायचे?”

इथे कुठल्या घरातलं मूल वाळलंय हे सगळ्या पाड्याला ठाऊक असतं. ते वाळलं नसतं तर कोणती म्हैस विकावी लागली नसती, हेही ठाऊक असतं. पण पाड्यानं जाणणं निराळं. पाडा जाणतो आणि संध्याकाळी वाटीभर डाळ घेऊन दारात येतो. मुंबईतल्या कुठल्याशा इनबॉक्समध्ये तोच फोटो दहा वर्षं पडून राहिला तर त्यातून डाळ येत नाही. म्हणून मॅडमचं म्हणणं मला पटलं होतं. मला न पटलेला होता तो संगणक.

आमची ऑपरेटर जवळच्याच पाड्यावरची. बी.ए., एमएससीआयटी झालेली, हात चलाख. तिनं यादी जोडली, कुलपाचं चिन्ह दाबलं, ‘सेंड’ केलं. बराच वेळ गोल फिरत राहिलं. मग खिडकी उघडली: सुरक्षित जोडणी जमली नाही, प्रमाणपत्र वैध नाही.

“सर, जात नाय.”

“रेंज नसंल,” काका म्हणाले. दारात छत्री झटकणारे पाव्हणेही म्हणाले, “रेंज नसंल.” त्यांना मेल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण रेंज म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं.

इथं रेंजच्या बाजूनं एक साक्ष निघाली. ऑपरेटर साध्या मेल आपल्या मोबाईलवरून पाठवायची आणि त्या जात होत्या. कुलपाची मेल तेवढी संगणकावरून, कारण मॅडमचं कुलूप त्याच्यात बसवलेलं. आणि संगणकाला इंटरनेट येत होतं ते त्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून! एकाच फोनची, एकाच खिडकीत ठेवलेली, एकाच घटकेची रेंज फोनची मेल नेते आणि संगणकाची अडवते, हे कुठल्या न्यायात बसतं? मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “मग सर्वर डाऊन असंल.” आपल्याकडे रेंज सुटली की सर्वर धरला जातो.

खरा तपास पुढे नेला तो मात्र काकांनीच. ‘प्रमाणपत्र’ म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दाखला. मेल कुलूपबंद करायची तर ज्याला पाठवायची त्याच्या नावाचा दाखला आपल्याजवळ लागतो. त्या दाखल्यातच त्याचं कुलूप असतं. आपण ते लावायचं, उघडायची किल्ली फक्त त्याच्याकडे. दाखला म्हटल्यावर काका सावरून बसले. गावातल्या लोकांचे जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले काढायला जव्हारच्या तहसिलीत त्यांनी उभी हयात घालवलेली. त्यांनी ओळीनं चार प्रश्न टाकले: दाखला कोणाच्या नावाचा? सही कोणाची? त्या सहीवाल्याला वरून अधिकार दिला कोणी? आणि मुदत कधीपर्यंत?

एन्क्रिप्शन शिकवणारी जाडजूड पुस्तकं फिरून फिरून याच चार प्रश्नांवर येतात. नाव, सही, वरची साखळी, मुदत. आपल्या देशात या डिजिटल दाखल्यांच्या साखळीवर सगळ्यात वर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेला एक नियंत्रक बसतो. तो दाखले देणाऱ्या कंपन्यांना परवाने देतो, कंपन्या आपल्याला दाखले देतात. काकांना ही उतरंड सांगितली तेव्हा त्यांना नवं असं काही वाटलं नाही. “मुदत बघा,” ते म्हणाले. “उत्पन्नाचा दाखला मार्चएंडला मरतोच.”

मॅडमना फोन केला. त्यांच्या दाखल्याला अजून दीड वर्ष होतं. काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात ऑपरेटर हळूच म्हणाली, “सर, मुदत संपली असं नाय लिवलं. मुदत सुरू झाली नाय, असं लिवलंय.”

मग सगळ्यांनी संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहिलं. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९.

भिंतीवर कालनिर्णय असताना त्या कोपऱ्यातली तारीख कोण बघतो? पण संगणक बघतो, आणि फक्त तीच बघतो. त्याच्या मते मॅडमचा दाखला अजून जन्मायचा होता, मेल नेणाऱ्या सर्वरचा दाखलाही जन्मायचा होता, आणि पालघर जिल्ह्याचं तर नावही नव्हतं. तो ठाण्यातून वेगळा निघाला १ ऑगस्ट २०१४ ला. आमचा संगणक इमानेइतबारे ठाणे जिल्ह्यात बसला होता आणि भविष्यातून येणाऱ्या संशयास्पद कागदांना नकार देत होता. त्याच्या जागी कुठलाही चोख कारकून असता तर त्यानं हेच केलं असतं.

कारण एवढंच, की आतल्या पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. लाईट गेली की संगणकाचं घड्याळ त्याच्यावर चालतं. जिथे लाईट पाहुण्यासारखी येते, तिथे तो सेल लवकर दमतो. तो मेला की दर वेळी लाईट आल्यावर संगणक जन्मापासून सुरुवात करतो. इंटरनेटवरून तो आपोआप वेळ जुळवतो म्हणतात, पण तफावत मोठी असली की विंडोज तीही जुळवत नाही. पंधरा तासांपेक्षा जास्त फरक दिसला की समोरच्या घड्याळालाच वेड लागलंय असं तो धरून चालतो. ऑपरेटरनं कालनिर्णय बघून हातानं तारीख घातली. दुपारी लाईट गेली, आली, आणि आम्ही पुन्हा ठाणे जिल्ह्यात.

काका एसटीनं जव्हारला गेले आणि घड्याळवाल्याकडून सेल घेऊन आले. त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं ‘सीआर २०३२’. म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. काकांनी मात्र तो आकडा वाचून समाधानानं सांगितलं, “हा २०३२ पर्यंत चालंल.” मी काही बोललो नाही.

रेंज निर्दोष सुटली. पेढे वाटायचे तेवढे राहिले, कारण मेल गेली ती मजकुराची. ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असं लिहिलेली, पण सोबत काही नसलेली. सरकारी पत्रव्यवहारात हे इतकं रूढ आहे की मॅडमनाही वावगं वाटलं नसावं. जोडपत्रं लावली की पुन्हा अडत होतं.

ही जोडपत्रं मेलच्या जन्मात नव्हतीच. मेल म्हणजे मुळात निव्वळ अक्षरं. फोटो, आवाज असलं काही सोबत बांधायची रीत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन या अमेरिकन गृहस्थानं आपल्या सहकाऱ्यासह बसवली आणि ११ मार्च १९९२ रोजी स्वतःच्या गायकचौकडीचा फोटो आणि गाणं मेलला जोडून लोकांना पाठवलं. म्हणजे जगातलं पहिलं नामांकित जोडपत्र कोणी न मागितलेलं गाणं होतं. परंपरा आजही व्हॉट्सॲपवर सुरू आहे. पण मेलच्या रस्त्यावरून फक्त अक्षरंच चालत असल्यानं फोटोला अक्षरांचा वेश चढवावा लागतो. लग्नात दोनाचे चार होतात, इथे तीनाचे चार होतात: फोटोच्या दर तीन बाइटांची चार अक्षरं. म्हणजे १५ एमबीचे फोटो निघताना २० एमबी होतात. आता यांना कुलूपबंद करा. कुलूपबंद झालं की पुन्हा ते अक्षरं राहत नाही, म्हणून वरून आणखी एकदा वेश. विसाचे झाले साडेसव्वीसच्या वर. जीमेलची हद्द २५. घरातून निघालेला माणूस फाट्यावर पोचेपर्यंत पावणेदोन माणसं झालेला, आणि कंडक्टर म्हणतो, जागा नाही.

आणि १५ एमबी झाले कसे? तर नवीन फोनमुळे. वजनकाट्यावरचा आकडा दिसावा म्हणून काढलेल्या फोटोत आकडा दिसत होताच, शिवाय कुडाच्या भिंतीवरच्या शेणातली एकेक काडी, मागच्या वारली चित्रातल्या चौकातली पालघट देवी आणि दारातून डोकावणाऱ्या कोंबडीच्या डोळ्यातलं फोटो काढणारीचं प्रतिबिंबही दिसत होतं. कुपोषणाच्या अहवालात सगळ्यात धष्टपुष्ट काय असेल तर फोटो.

मुंबईच्या आयटीवाल्या सरांनी फोनवर सोपा मार्ग सांगितला: “झिप करा, पासवर्ड टाका, साध्या मेलनं पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. मेलमध्ये अजिबात लिहू नका.” आमच्या ऑपरेटरनं अती काळजीनं झिपची झिप करून तिला पासवर्ड घातला. ती तर फाटकातूनच परत आली. पासवर्डाच्या झिपमध्ये आणखी झिप दिसली की जीमेल ती घेतच नाही, कारण आत व्हायरस आहे की वजनं, हे त्याला बघता येत नाही. मग एकपदरी झिप केली, दोन हप्त्यांत पाठवली, आणि ती गेली.

आता राहिला पासवर्ड फोनवर सांगणं. हे वाक्य ज्यानं शोधून काढलं तो जामसरला राहिलेला नसणार. खिडकीतली रेंज मेलपुरती; फोनवर नीट बोलायचं म्हणजे टेकाडावर चढायचं. टेकाडावर संध्याकाळी अर्धं गाव असतं, कारण सगळ्यांनाच फोन करायचे असतात. उरलेलं अर्धं शेळ्या घेऊन तिथूनच घरी जात असतं. ऑपरेटरनं तोंड जव्हारकडे केलं आणि एका कानात बोट घालून सुरुवात केली.

“मॅडम, कॅपिटल टी! ...टी, टी! टेबलचा टी! ...डी नाही हो!”

शेळीवाला थांबला.

“मग स्मॉल ए, आर, पी, ए. ...नाही, बी नाही, पी! ...अहो मॅडम, तारपा! तारपा! आपला वाजवायचा तारपा!”

पलीकडून काही विचारणा झाली असावी. ती आणखी वरच्या दगडावर चढली.

“त्याच्यापुढं हॅश. ते फुली-गोळा खेळताना घर आखतो ना, ते! मग एकोणऐंशी. ...एकोणसत्तर नाही, एकोणऐंशी! सेव्हन नाईन!”

मॅडम इंग्रजी शाळेत शिकलेल्या असाव्यात. मराठी माणूस हल्ली एकोणऐंशीलाच ओळखू येतो. तिन्ही बाजूंच्या डोंगरांनी ‘नाईन’ परत करून दाखवलं. आमची पोरं हुशार. खाली उतरेपर्यंत दोघंतिघं ‘तारपा हॅश एकोणऐंशी’ अशा ठेक्यावर नाचत चालली होती, आणि ठेका खरंच धरण्यासारखा होता.

आता विनोद असा, की त्या झिपवरचं कुलूप एइएस होतं. अमेरिकी सरकारनं २००१ साली प्रमाण ठरवलेलं, आणि त्याची २५६ बिटांची किल्ली एकेक करून शोधायला गेलं तर सूर्य विझेपर्यंतही सापडायची नाही. फिल झिमरमन नावाच्या गृहस्थानं १९९१ मध्ये सामान्य माणसाच्या मेलसाठी पीजीपी हे कुलूप बनवलं, ते देशाबाहेर गेलं, तर अमेरिकेनं शस्त्रांची निर्यात केल्याच्या संशयावरून तीन वर्षं त्याच्यामागे चौकशी लावली. त्यानं मग सगळा प्रोग्राम पुस्तकात छापून टाकला, कारण पुस्तक बाहेर न्यायला बंदी नव्हती. इतक्या लोकांनी इतक्या खस्ता खाऊन बनवलेलं हे शस्त्र, आणि आम्ही त्याचा घोडा कसा ओढायचा ते टेकाडावरून ओरडून सांगितलं.

याच डोंगरांतून छत्रपती शिवाजी महाराज १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर गेले. जव्हारच्या मुकणे राजांनी शिरपामाळावर त्यांचं स्वागत केलं असं इथे सांगतात. एवढं घोडदळ आलं आणि सुरत जवळ येईपर्यंत तिथल्या सुभेदाराला धड सुगावा नव्हता. गुप्तता राखायला ही जागा मुळात वाईट नाही. बहुधा टेकाडावर रेंज नव्हती, हेच त्या वेळी कामी आलं असणार.

ऑपरेटरला पासवर्डापेक्षा वेगळंच काही खटकत होतं. तिनं झिप उघडून मला दाखवली. पासवर्ड न घालताही आतल्या फाइलींची नावं सरळ वाचता येत होती, आणि नावं तिनंच शिस्तीत दिलेली: पाडा, मुलाचं नाव, बापाचं नाव, शेवटी ‘सॅम’. फोटो कुलपात, पाटी दारावर. कुलपाच्या मेलमध्ये निदान जोडपत्राचं नाव आत जातं, पण विषयाची ओळ तिथेही उघडीच राहते. आधीची, अडलेली मेल काढून पाहिली. विषय होता: ‘अमुक पाड्यावरील सॅम बालकांची गोपनीय यादी, एकूण संख्या, नावे व फोटोसह पाठविणेबाबत’. सरकारी पत्रव्यवहारावर पोसलेला आपला मराठी विषय पोटात काही ठेवतच नाही. पत्र न उघडता निकालात काढता यावं यासाठीच तो लिहिलेला असतो.

तिनं झिप बाद केली. मुलांच्या नावांऐवजी आकडे घातले आणि कोणता आकडा कोणाचा, ती वही कपाटात ठेवून किल्ली काकांकडे दिली. फोटो वजनकाट्याच्या आकड्यापुरते कापून लहान केले. कोंबडीला त्यात जागा उरली नाही. विषयात लिहिलं ‘माहिती’. तारीख बघितली, कुलपाचं चिन्ह दाबलं. एका दमात गेली. मला वाटतं कायद्याला हवी होती ती काळजी हीच, आणि ती सांगायला मुंबईच्या आयटीवाल्यांना पासवर्डाखेरीज काही सुचलं नव्हतं.

तासाभरात मॅडमचं उत्तर आलं, सगळ्यांना एकदम. त्यांचे संचालक, हिशेबनीस, आयटीवाले सर, आम्ही. मिळालं, उघडलं, खूप छान, एकदा सगळ्यांनी नजरेखालून घालावं म्हणून यादी आणि फोटो पुन्हा सोबत जोडत आहे. वर कुलूपबिलूप काही नाही.

ऑपरेटर माझ्याकडे बघत राहिली. मी फोन करायला टेकाडाकडे निघालो, तर काका मागून म्हणाले, “आपण त्यांचा दाखला घेतला, पण त्यांनी आपला मागितलाच नाय का?”

मागितला नव्हता. आमचा दाखला काढलेलाच नव्हता. काकांनी पिशवी घेतली, छत्री घेतली आणि विचारलं, त्याला फोटो किती लागतात आणि तलाठ्याची सही लागते का.